आलेख कोणासाठी?

शास्त्रीय माहितीचे चित्र काढणारा एक व ते पाहणारा दुसरा, आणि चित्राचा अर्थ पाहणारास उमगला नाही, तर दोष कोणाकडे जातो? हा प्रश्न वरवर पाहता कारागिरीचा वाटतो. परंतु जेथे त्या चित्रावर एखाद्या जिवाचे बरेवाईट अवलंबून असते, तेथे तो नीतीचा होतो, असे आमचे मत आहे. हे मत आम्हांस ग्रंथांतून लाभलेले नाही. ते आम्हांस म्हसवडच्या माळावर शिकावे लागले.

काही वर्षांपूर्वी म्हसवडनजीकच्या एका वस्तीवर बालकांच्या वाढीसंबंधी चार शब्द सांगण्याचा योग आला. माणदेश हा पर्जन्यछायेचा मुलूख; माणगंगेचे पात्र बहुतेक काळ कोरडे. अशा ठिकाणी मुलाचे वजन हा कुतूहलाचा विषय नसून काळजीचा असतो. आम्ही मोठ्या हौसेने एक भव्य तक्ता तयार करून नेला होता. आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर वजन, वस्तीतील प्रत्येक मुलासाठी एक ठिपका, आणि वर प्रमाणभूत वाढीच्या वळणदार रेघा. आमचे व्याख्यान संपल्यावर कडेवर मूल घेतलेली एक बाई पुढे आली व म्हणाली, “गुर्जी, ह्यात माझं प्वार कुठं हाय?” आम्ही शोधून ठिपका दाखविला. त्यावर तिने विचारले, “मग आता म्या काय करू?”

त्या क्षणी आम्हांस तिच्या अज्ञानाची कीव आली, हे कबूल केले पाहिजे. परंतु परतीच्या एस. टी. प्रवासात विचार करता ती कीव आमच्यावरच उलटली. बाईने दोनच प्रश्न विचारले होते, आणि त्या दोहोंखेरीज तिला तक्त्याचा दुसरा उपयोग नव्हता. आमच्या तक्त्याने त्यांपैकी एकाचेही उत्तर दिले नाही. तो आम्ही वस्तीसाठी काढलाच नव्हता. आमच्यासारख्या चार पदवीधरांनी मान डोलवावी म्हणून काढला होता.

वस्तुतः हा धडा जगात पूर्वीच कोणी कोणी घेतलेला आहे. डेव्हिड मॉर्ली या इंग्रज डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यास नायजेरियातील खेड्यांत मुलांच्या वजनाचा आलेख रुग्णालयाच्या कपाटातून काढून आईच्या हाती दिला. आपल्याकडील अंगणवाड्या १९७५ साली सुरू झाल्या. तेथील आजच्या आलेखात हिरवा, पिवळा व नारिंगी असे पट्टे असतात, आणि त्यामागील प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवरून ठरविलेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तर याहून पुढचे पाऊल टाकले. न्यूमोनिया ओळखण्यास बालकाचे श्वास मिनिटभर मोजावे लागतात. खेड्यातील सुइणीस दहाबारापलीकडे मोजता येत नसे. तेव्हा एक मिनिटाची वाळूची घटिका व मण्यांची ओळ असे साधन त्यांनी केले. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावा, आणि शेवटच्या मण्याने धोका सांगावा. सुईण साक्षर होईपर्यंत बालकाचा न्यूमोनिया थांबणार नव्हता, हे त्यांनी ओळखले होते.

याच्या उलट प्रकारही आपण पाहिला. २०२१ साली बालकांच्या पोषणाची नोंद ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाईलवरील साधनात करावी, असे ठरले. ते इंग्रजीत होते, आणि दिलेले मोबाईलही निकृष्ट होते, म्हणून महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी ते सरकारास परत केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे ते साधन मराठीसह अनेक भाषांत आले, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु ज्यांच्या बोटांनी ते चालावयाचे, त्यांस आधी विचारले असते, तर एवढा खटाटोप टळला नसता काय?

येथे कोणी आक्षेप घेईल की, ही लोकांची फाजील मनधरणी झाली. ज्ञानाने खाली उतरावे, की लोकांनी वर चढावे? आक्षेप पोकळ नाही. म्हसवडचेच उदाहरण पाहा. १९९६ साली येथील स्त्रियांनी बँक काढण्यासाठी परवाना मागितला, तो अर्जदार निरक्षर म्हणून नाकारला गेला. श्रीमती चेतना सिन्हा यांच्यासमवेत त्या पुन्हा गेल्या, आणि आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्रावाचून काढून दाखवावे, असे आव्हान देऊन आल्या. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. म्हणजे वर चढण्याची हिंमत या स्त्रियांत होतीच. परंतु त्याच स्त्रियांपुढे पुढे व्यवहारासाठी गुप्त आकडा आला, तेव्हा त्यांनी तो नाकारून अंगठ्याचा ठसा मागितला. आकडा चोरता येतो, अंगठा चोरता येत नाही, हे त्यांचे म्हणणे सिन्हाबाई सांगतात. शिकावयाचे काय हे त्यांनी स्वतः ठरविले, आणि सदोष काय हेही त्यांनीच ठरविले. शिकणे हा वापरणाराचा पराक्रम आहे. ती साधन करणाराची सबब होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सोपे करता करता सत्य हरवते. तीन रंगांच्या आलेखात एखादे मूल हिरव्या पट्ट्यात असूनही तीन महिने वजनाने जागच्या जागी थिजलेले असते. रंग म्हणतो ‘ठीक’, रेघ म्हणते ‘सावध’. म्हणून रंगाबरोबर रेघही दाखविली पाहिजे, व ती वाचता येते की नाही हे पाहिले पाहिजे. शिवाय ही गरज निरक्षरांपुरतीच नाही. जनुकांची क्रियाशीलता दाखविणारे नकाशे शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे तांबड्या-हिरव्या रंगांत काढले. आणि युरोपीय वंशाच्या सुमारे बारा पुरुषांत एकास हे दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत. पंडितासही चित्र पाहण्यास डोळेच लागतात.

मग परीक्षा कशी घ्यावी? “समजले का?” असे विचारून नव्हे. प्राध्यापकाने विचारले की माणूस भिडेने होच म्हणतो. चित्र हाती द्यावे, आपण गप्प बसावे, आणि “हे पाहून उद्या काय कराल?” एवढेच विचारावे. उत्तर चुकले, तर चित्र बदलावे.

पुढल्या खेपेस आम्ही तो भव्य तक्ता घरी ठेवला व प्रत्येक मुलाचा निराळा कागद नेला. त्याच बाईने रेघेवरून बोट फिरविले, आडव्या झालेल्या जागी ते थांबविले आणि ती म्हणाली, “हितं रथाच्या जत्रंत तापलं हुतं. तवापास्नं खाईना.” मुलाच्या तापाची ही हकीकत आमच्या कोणत्याही ठिपक्यात नव्हती, ती तिच्याजवळ होती, आणि आम्ही तिला ती सांगण्यास जागा दिली नव्हती. आम्ही मूल दवाखान्यात नेण्यास सांगितले. ती म्हणाली, “त्येच इचारत हुते मागल्या बारीला.”