लेखकाचे आयुष्य आणि हमीदचा चिमटा

साहित्यिक जसा जगतो तसाच लिहितो, हे वाक्य आपल्या चर्चासत्रांतून इतक्या वेळा ऐकू येते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. या वाक्यातूनच मग दुसरे वाक्य काढले जाते. मुस्लिम लेखकाने मोहल्ल्यावर लिहावे, शेतकऱ्याने शेतीवर, बाईने बाईच्या दुःखावर. ज्या घरात जन्म झाला त्या घराबाहेरचे बोलू नये. पहिले वाक्य साहित्याविषयी आहे. दुसरे मात्र माणसांना कप्प्यांत बंद करणारे आहे. पहिल्यातून दुसरे खरोखरच निघते काय? आमच्या मते हा नैतिक प्रश्न आहे, आणि तो प्रेमचंदांच्या आधाराने तपासता येतो. उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना प्रेमचंद दोन नात्यांनी जवळचे. ते उर्दूचे लेखक होते आणि पेशाने शिक्षक होते.

धनपतराय हे त्यांचे मूळ नाव. 1880 साली बनारसजवळच्या लमही गावात एका कायस्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात कारकून. सुरुवातीचे शिक्षण मौलवीसाहेबांकडे उर्दू-फारसीत झाले. सात-आठ वर्षांचे असताना आई गेली. ज्या आजीने सांभाळले तीही लवकरच गेली. घरात सावत्र आई आली. 1897 मध्ये वडील वारले आणि विद्यार्थिदशेतच घराचा बोजा अंगावर पडला. हातात पैसा नाही म्हणून पुस्तक विकायला गेले, तेथेच एका मिशनरी शाळेच्या मुख्याध्यापकांशी गाठ पडली आणि चुनारला महिना 18 रुपयांवर मास्तरकी मिळाली.

आता या आयुष्याने त्यांच्या लेखनाला काय दिले ते पाहू. प्रथम भाषा. गोरखपूरला असताना तंबाखूच्या दुकानात बसून 'तिलिस्म-ए-होशरुबा'ची दास्तान ऐकणारा हा मुलगा. दास्तानीतले जादूगार आणि परी पुढे त्यांनी सोडून दिले, पण ऐकणाऱ्याला बसवून ठेवणारी सांगण्याची रीत सोडली नाही. नंतर शाळा तपासनीस म्हणून हमीरपूर जिल्ह्यातल्या गावोगावी त्यांना फिरावे लागले. त्या भटकंतीत शेतकऱ्याचे बोलणे कानी पडले. त्यांच्या सर्वोत्तम गद्यात दास्तानीचा ओघ आणि खेड्यातले बोलणे एकत्र नांदतात. ही शैली ठरवून घडवलेली नव्हती. ती नोकरीच्या पायपिटीतून आली.

नावसुद्धा आयुष्यानेच दिले. 'नवाबराय' या नावाने लिहिलेला 'सोज़-ए-वतन' हा कथासंग्रह 1908 मध्ये आला. इंग्रज सरकारला तो राजद्रोही वाटला, प्रती जाळल्या गेल्या आणि परवानगीशिवाय लिहिण्यास बंदी झाली. सरकारी नोकर असलेल्या या लेखकाला मग 'ज़माना'चे संपादक दयानारायण निगम यांनी 'प्रेमचंद' हे नाव सुचवले. पुढे 1921 मध्ये गोरखपूरला गांधीजींचे भाषण ऐकून त्यांनी ती सरकारी नोकरीही सोडली. आधी लेखणीसाठी नाव बदलले, मग नोकरी सोडली. अन्यायापुढे मान न झुकवणारी माणसे त्यांच्या कादंबऱ्यांत का येतात, हे यावरून कळते.

इथपर्यंत पहिले वाक्य खरे ठरते. पण 'ईदगाह'पाशी येऊन ते अडखळते.

'ईदगाह' आमच्या वाचकांना सांगायला नको. चार-पाच वर्षांचा अनाथ हमीद, त्याची आजी अमीना, खिशात तीन पैसे. बरोबरीची मुले मातीचा शिपाई, भिश्ती, वकील घेतात, मिठाई खातात. हमीद चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोट्या उतरवताना आजीची बोटे भाजतात. 1933 साली छापलेली ही कथा कायस्थ घरात जन्मलेल्या लेखकाने लिहिली, आणि ईदची जी सकाळ त्याने उभी केली ती आपल्यापैकी अनेकांच्या लेखणीला उभी करता आलेली नाही. हे कसे झाले? आमचे उत्तर असे की, हमीदला त्यांनी धर्माच्या दारातून ओळखले नाही. आई गेलेल्या आणि आजीने सांभाळलेल्या मुलाच्या दारातून ओळखले. मौलवीसाहेबांकडे शिकल्यामुळे ती दुनिया परकी नव्हती, हे खरे. पण कथेचा प्राण तेथून आलेला नाही. स्वतःचे पोरकेपण त्यांनी दुसऱ्याच्या मुलाला दिले, आणि त्या मुलाला ते शोभूनही दिसले.

शेवटची कादंबरी 'गोदान' 1936 ची. होरी कर्जात बुडतो, गाय दारात टिकत नाही, आणि तो मरतो तेव्हा त्याची बायको धनिया सुतळी विकून मिळवलेले वीस आणे त्याच्या हातावर ठेवून हेच त्याचे गोदान, असे ब्राह्मणाला सांगते. प्रेमचंद शेतकरी नव्हते. पण छापखाना आणि 'हंस' मासिक चालवताना झालेल्या तोट्याने कर्ज म्हणजे काय ते त्यांना शिकवले होते. त्याच ओढगस्तीत 1934 मध्ये ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले आणि पुढच्याच वर्षी परतले. देणेकऱ्याची रात्र कशी असते, हे होरीला आणि त्याच्या लेखकाला सारखेच ठाऊक होते.

म्हणजे सहानुभूती असली की कोणीही कोणावरही लिहावे काय? इथे घाई करून चालणार नाही. 'कफन' ही त्यांची 1935 ची कथा. आत बुधिया बाळंतवेणांनी तडफडत असते, बाहेर घीसू आणि माधव हे बापलेक भाजलेले बटाटे खात बसतात, आणि कफनासाठी मागून आणलेले पैसे दारूत उडवतात. कष्टाला मोल न देणाऱ्या व्यवस्थेने माणसाचे काय केले, हे या कथेतून दिसते असे अनेक समीक्षक म्हणतात. दलित विचारवंतांनी मात्र विचारले की, या निष्ठुरपणाला जातीचे नाव का चिकटवले? 2004 मध्ये दिल्लीत 'रंगभूमी'च्या प्रतीही जाळल्या गेल्या. पुस्तक जाळणे आम्हाला मान्य नाही. 'सोज़-ए-वतन' जाळणाऱ्यांच्या रांगेत कोणी का उभे राहावे? पण प्रश्न जाळून संपत नाही, तसाच तो जाळण्याचा निषेध करूनही संपत नाही. पोरकेपण आणि कर्ज प्रेमचंदांनी भोगले होते. अस्पृश्यता भोगली नव्हती. जे भोगले नाही ते लेखक बाहेरून पाहतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दार कुठे आहे हे प्रत्येक वेळी दिसेलच असे नाही.

तेव्हा निष्कर्ष असा निघतो: आयुष्य लेखकाला हद्द घालून देत नाही, किल्ली देते. तिने किती घरे उघडतील हे लेखक ती कुठवर नेतो यावर ठरते. काही घरे तिने उघडत नाहीत. तेथे नम्रपणे दार ठोठवावे, आणि आतून आवाज आला तर आधी ऐकावे.

हा प्रश्न आमच्यासाठी केवळ प्रेमचंदांचा नाही. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाकडून दोन्हीकडचे लोक 'तुमचे' लिहा अशी अपेक्षा करतात. तलाक, बुरखा, दंगल यांवर लिहिले की दखल घेतली जाते. दुष्काळावर, वारीच्या वाटेवर किंवा म्हाताऱ्या गुरुजींच्या पेन्शनवर लिहिले की विचारतात, यात मुस्लिम काय आहे? आपले लोकही कधी कधी लेखकाच्या प्रत्येक पात्रात त्याचा चुलता शोधतात आणि कादंबरीला साक्षीदाराची जबानी समजतात. दोघेही लेखकाला त्याच्या जन्मदाखल्यापुरता मोजतात.

आम्ही वर्गात मुलांना एवढेच सांगतो की, आपले दुःख ही अमानत आहे. ते लपवू नका, आणि त्यावर फक्त आपलाच हक्क आहे असेही मानू नका. ते कोणाच्या तरी भाजणाऱ्या बोटांच्या कामी आले पाहिजे. हमीदने तीन पैशांत तेच केले होते.