शेवट नाकारणारा खेळ : ‘सिटिझन स्लीपर’ आणि आश्रिताचे कर्तव्य

कथेचा शेवट हाताशी आलेला असताना तो नाकारून कथेतच राहणे, या कृतीला नैतिक अर्थ असू शकतो काय? कादंबरीच्या वाचकापुढे हा प्रश्न उभा राहत नाही. अखेरचे प्रकरण न वाचता तो पुस्तक मिटू शकतो. परंतु त्याच्या मिटण्याने पात्रांच्या नशिबी लिहिलेले पुसले जात नाही. व्हिडिओ गेम या कलाप्रकारात मात्र शेवट हा अनेकदा खेळणाऱ्याच्या स्वीकृतीवर अवलंबून असतो. गॅरेथ डेमियन मार्टिन यांच्या ‘जंप ओव्हर द एज’ या स्टुडिओचा ‘सिटिझन स्लीपर’ (मे २०२२) हा पाळीपाळीने खेळावयाचा विज्ञानकथात्मक खेळ या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. त्याला पुढे जोडल्या गेलेल्या ‘फ्लक्स’, ‘रेफ्यूज’ आणि ‘पर्ज’ या तीन भागांमुळे (२०२२-२३) तर हा प्रश्न केवळ रूपबंधाचा न राहता नीतीचा झाला आहे.

खेळाचा नायक ‘स्लीपर’ हा मनुष्य नव्हे आणि यंत्रही नव्हे. एका माणसाने करार करून आपल्या मनाची प्रतिकृती काढू दिली. ती प्रतिकृती एका कृत्रिम देहात घालून ‘एसेन-आर्प’ या कंपनीने तिच्याकडून राबवून घेतले. हा स्लीपर पळून ‘अर्लिन्स आय’ नावाच्या मोडकळीस आलेल्या, कड्याच्या आकाराच्या अंतराळस्थानकावर येतो. देहाची रचनाच अशी, की कंपनीच्या औषधावाचून तो झिजत जावा. पळालेल्याला परत आणण्यासाठी पहारेकऱ्याची गरजच नाही. त्याचे शरीर हाच त्याचा पहारेकरी.

खेळाचे व्याकरण या झिजेवर उभे आहे. प्रत्येक ‘चक्रा’च्या, म्हणजे दिवसाच्या, आरंभी स्लीपरला फासे मिळतात. देह ठीक असेल तर पाच. झिजत जाईल तसे कमी. एकेका कामाला एकेक फासा लावायचा. मोठा आकडा लावला तर काम बहुधा साधते, लहान आकडा लावला तर उलटण्याचा धोका. फासा आणि मनुष्य यांच्या परंपरागत नात्याला येथे दिलेली कलाटणी महत्त्वाची आहे. द्यूतात आधी पण लावला जातो आणि मग फासे पडतात; दैव निर्णयानंतर येते आणि निर्णयाला हास्यास्पद करून टाकते. ‘सिटिझन स्लीपर’मध्ये फासे आधी पडतात. सकाळी उठल्यावर अंगात किती बळ आहे हे कळते, आणि मग ते कोठे खर्चायचे हे ठरवावे लागते. नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ साली ‘नैतिक दैव’ ही संकल्पना मांडली, तेव्हा त्यांचा रोख कृतीनंतर येणाऱ्या योगायोगाकडे जितका होता, तितकाच कर्त्याच्या वाट्याला आलेल्या परिस्थितीकडेही होता. या खेळाने त्यांतील दुसऱ्या प्रकाराला केंद्रस्थान दिले आहे. दैवाला जे द्यायचे ते देऊन झाले आहे. उरते ती वाटणी.

असुरक्षित, तात्पुरत्या रोजगाराचा स्वतःचा अनुभव या खेळामागे असल्याचे मार्टिन यांनी सांगितले आहे, आणि ते सांगितले नसते तरी कळले असते. दोन फासे हातात असलेल्या दिवशी त्यांतला एक फासा लेम नावाच्या जहाजबांधणी कामगाराच्या लहान मुलीला, मिनाला, सांभाळण्यासाठी खर्चणे याचा अर्थ औषधाच्या पैशांत तेवढी तूट. तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात परोपकाराची उदाहरणे देताना ही तूट सहसा गाळली जाते. तळ्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवणाऱ्याचे कपडे भिजतात, एवढेच. ज्याला स्वतःला पोहता येत नाही त्याचे कर्तव्य काय, याविषयी पाठ्यपुस्तके बहुधा गप्प असतात.

स्लीपरच्या पळण्याला मात्र एक आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. करार तर स्वेच्छेने झाला होता. प्रत्येक मनुष्य आपल्या देहाचा धनी आहे, हे लॉकचे सूत्र मान्य केले तर देह गहाण टाकण्याचा अधिकारही त्यातूनच निघतो, असे कंपनीचा वकील म्हणेल. मिलने ‘ऑन लिबर्टी’मध्ये (१८५९) ही वाट अडवली: स्वातंत्र्याच्या तत्त्वाचा आधार घेऊन स्वातंत्र्यच विकून टाकता येत नाही. परंतु स्लीपरची अडचण मिलच्याही पलीकडची आहे. सही करणारा एक आणि राबणारा दुसरा. प्रतिकृतीला सही करतानाचे स्मरण असेल, पण सही करताना ती अस्तित्वातच नव्हती. मराठी वाचकाला येथे सभापर्वातील द्रौपदीचा प्रश्न आठवेल. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की तिला? स्वतःला हरलेल्याला दुसऱ्याचा पण लावण्याचा अधिकार उरतो काय? त्या प्रश्नाला भीष्मांनाही उत्तर देता आले नाही, आणि तो प्रश्न विचारला गेला हेच त्या सभेतील एकमेव नैतिक कृत्य होते, असे म्हणता येईल. स्लीपर प्रश्न विचारण्यासाठी थांबत नाही, तो पळतो. पळणे हे त्याचे प्रश्न विचारणेच आहे.

हा सगळा मजकूर इंग्रजीतील द्वितीय पुरुषात, वर्तमानकाळात लिहिला आहे. मराठीत तो आणावयाचा झाल्यास भाषांतरकाराची पहिल्याच वाक्यात कोंडी होईल. ‘तू’ की ‘तुम्ही’? आणि ‘तू’ म्हटले तर ‘जागा होतोस’ की ‘जागी होतेस’? इंग्रजीला लिंग न सांगता एका यंत्रदेहाला जागे करता येते. मराठी क्रियापद जागे करण्याआधीच त्याची ओळख मागते. (प्रस्तुत विवेचनातील पुल्लिंग ही याच मागणीपुढची शरणागती होय.) आदरार्थी ‘तुम्ही’ने लिंगाची अडचण बव्हंशी सुटेल; परंतु ज्याला कोणीच आदर दाखवत नाही त्याला कथनकार आदराने हाक मारतो, असा नवाच अर्थ संहितेत शिरेल. कदाचित तो अर्थ वाईट ठरणार नाही.

मूळ खेळात निरोपाचे अनेक मार्ग आहेत. लेम आणि मिना यांच्यासह ‘सायडेरियल’ या वसाहतजहाजावर चढून जाता येते. अन्य मार्गांनी स्थानक, इतकेच नव्हे तर देहही, मागे टाकता येतो. यांतील प्रत्येक मार्ग सुटकेचा आहे आणि रंगवला आहेही मोहक. तरीही उंबरठ्यापर्यंत जाऊन मागे फिरण्याची मुभा खेळ देतो. मागे फिरणाऱ्याच्या वाट्याला फक्त दुसरा दिवस येतो: पाच फासे, एम्फिसच्या टपरीवरचे जेवण, ओळखीची माणसे. ॲरिस्टॉटलला अभिप्रेत असलेला शेवट, म्हणजे ज्याच्यामागून काही येण्याची गरज नाही असा शेवट, या स्लीपरला मिळत नाही. जोडभाग याच स्लीपरसाठी आहेत. ते स्थानकावर घडतात. म्हणून जो स्थानकावर राहिला त्याच्यापुरतेच ते घडू शकतात.

‘पुरवणी’ या शब्दाकडे येथे क्षणभर थांबून पाहावे. मूळ जिन्नस पुरला नाही, असे हा शब्द स्वतःच्या पोटात सांगत असतो. उत्तरपत्रिकेला पुरवणी जोडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे ठाऊक आहे. देरिदाने १९६७ साली रूसोच्या वाचनातून हेच दाखवले, की जे केवळ वर जोडलेले म्हणून येते ते मूळच्या आतील उणीव उघडी करते आणि कधीकधी मूळची जागाच घेते. व्हिडिओ गेमच्या बाजारपेठेत ही उणीव पुष्कळदा हेतुपुरस्सर ठेवली जाते, आणि नंतर तीच वेगळ्या किमतीला विकली जाते. प्रस्तुत तीन भाग विनामूल्य दिले गेले, त्यामुळे त्यांच्याबाबत हा संशय घेण्याचे कारण नाही. त्यांनी उघडी केलेली उणीव निराळी आहे. मूळ खेळ विचारतो: आश्रय कसा मिळवावा? आश्रय मिळाल्यानंतर काय, हे विचारण्याआधीच तो निरोपाच्या वाटा दाखवू लागतो. पुरवणी नेमकी तेथे सुरू होते.

‘फ्लक्स’मध्ये निर्वासितांच्या जहाजांचा तांडा स्थानकाशी येतो आणि स्थानकाची सत्ताधारी संस्था ‘हॅवेनेज’ त्याला विलगीकरणात बाहेरच थोपवते. हा प्रसंग वरवर पाहता सनदशीर आहे. साथीची भीती, साधनांची टंचाई, सुरक्षितता. कोणत्याही बंदरावर ऐकू येणारी कारणे येथेही ऐकू येतात. कांटने ‘शाश्वत शांतता’ या निबंधात (१७९५) परक्याचा एक किमान हक्क मान्य केला: आलेल्याला शत्रू म्हणून वागवले जाऊ नये. पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क मात्र त्याने नाकारला. परक्याला भेटीचा हक्क आहे, वस्तीचा नाही. विलगीकरण ही या भेदाची प्रशासकीय भाषा होय. शत्रू म्हटले जात नाही, आतही घेतले जात नाही. यातील बोचरी गोष्ट अशी, की ‘हॅवेनेज’ ही काही परकी राजवट नव्हे. ‘सोलहाइम’ ही मालक कंपनी कोसळल्यावर मागे उरलेल्या कामगारांच्या संघटनेतून ती उभी राहिली. म्हणजे दार अडवून उभे आहेत ते एके काळी स्वतःच वाऱ्यावर सोडले गेलेल्यांचे वारस.

आणि स्लीपर? तोही आता घरचा झाला आहे. तांड्यातील एशे आणि पीक यांची गाठ पडते तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न दयेचा नसतो. दया दाखवणारा सुरक्षित किनाऱ्यावर जन्मलेला असतो. येथे काल ज्याने दार ठोठावले त्याच्याच कानावर आज ठोठावण्याचा आवाज पडतो. त्याला आत कोणत्या नियमाने घेतले गेले? कोणत्याच नव्हे. भंगारवाडीत कोणीतरी त्याला उचलले, कोणीतरी जेवू घातले; त्यामागे कायदा नव्हता, हक्क नव्हता, फार विचारही नव्हता. कांटचा युक्तिवाद हक्कापासून सुरू होऊन आतिथ्याकडे जातो. स्लीपरची वाट उलटी आहे: त्याच्या बाबतीत आतिथ्य आधी घडून गेले आहे, आणि त्याचे समर्थन शोधण्याचे ऋण मागून आले आहे. ऋण हा शब्द येथे जपूनच वापरावा लागतो. ज्या ऋणातून तो पळाला ते करारात लिहिलेले होते. हे कोठेही लिहिलेले नाही, ज्याने दिले त्याला परतही करायचे नाही. ते तिसऱ्यालाच चुकते करायचे आहे. पितृऋणाची कल्पना ज्या समाजात रुजली आहे, त्याला मागच्याचे देणे पुढच्याला देण्याची ही तऱ्हा अपरिचित नाही. फरक इतकाच, की येथे मागचा आणि पुढचा यांच्यात रक्ताचे नाते नाही.

या वाचनाविरुद्ध एक गंभीर हरकत घेता येते, आणि तिचे पूर्ण निराकरण होत नाही. खेळाच्या पूर्वार्धात औदार्य महाग असते. उत्तरार्धात ते स्वस्त होते. सरावलेला खेळणारा स्थानकावर स्थिरावला, की औषधाची विवंचना सुटते, गाठीला पैसा असतो, पाचही फासे रोज हाती पडतात. निर्वासित येतात ते नेमके अशा वेळी. मग त्यांना मदत करणे हे नैतिक कृत्य उरते, की उरलेल्या फाशांची विल्हेवाट? शिवाय या खेळात प्रत्येक गरज एका खंडित वर्तुळाच्या रूपाने, टेबलावरच्या भूमिकाधारी खेळांतून आलेल्या ‘घड्याळा’च्या रूपाने, पडद्यावर दिसते. फासा लावला की एक खंड भरतो. भुकेल्यांचा तांडा आणि दुरुस्तीला आलेले यंत्र यांची घड्याळे सारखीच दिसतात. अशा वेळी खेळणाऱ्याला वर्तुळ पुरे करण्याचा जो आनंद होतो, तो सद्वर्तनाचा आनंद म्हणून खपून जाण्याची भीती असते.

हरकतीचा दुसरा भाग पहिल्याहून कमी वजनाचा आहे. गरजेला मोजमापाचे रूप देणे हे प्रत्येक मदतकेंद्राला करावेच लागते. शिधापत्रिकाही एक घड्याळच असते. पहिला भाग मात्र खरा आहे. तरी त्यातून एक वेगळीच गोष्ट निष्पन्न होते. स्थिरावलेल्या स्लीपरने मदत केली तर तिचे श्रेय थोडे. पण न केल्यास त्याच्यापाशी सबब काहीच उरत नाही. टंचाईच्या दिवसांत मिनाला नाकारलेला फासा क्षम्य होता. भरल्या हाताने नाकारलेला फासा तसा नाही. पुरवणीने नायकाला सद्गुणी होण्याची संधी दिली, हे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. तिने त्याच्या सबबी काढून घेतल्या. ‘हॅवेनेज’पाशी अजून सबबी शिल्लक आहेत, कारण संस्थेची आठवण ही दप्तरातली असते.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘सिटिझन स्लीपर २ : स्टारवर्ड व्हेक्टर’ या दुसऱ्या खेळात मार्टिन यांनी फाशांचा नियम कडक केला. तेथे ताण वाढला की फासेच मोडतात. औदार्य स्वस्त होण्याची तक्रार निर्मात्यांनाही जाणवली असावी, असा तर्क यावरून करता येतो. परंतु त्या खेळाचा स्लीपर निराळा आहे, तो एका जहाजावर साथीदारांसह ठिकठिकाणी फिरतो, आणि ज्याला एका जागी घर नाही त्याच्या दाराशी कोणी त्याच अर्थाने येऊन उभे राहू शकत नाही. ‘अर्लिन्स आय’वर राहिलेल्या पहिल्या स्लीपरला मात्र चौथी पुरवणी मिळाली नाही. ज्या खेळणाऱ्यांनी त्याला तेथेच ठेवले आहे, त्यांच्या जतन केलेल्या डावात त्याचे पुढचे चक्र अजून सुरू व्हायचे आहे.