अब्रू कोणाची?

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी नावाचे एक लहानसे गाव आहे. भोवती धानाच्या बांध्या, जवळून जाणारा कालवा, पूर्व विदर्भातील इतर कोणत्याही गावासारखेच हे गाव. २९ सप्टेंबर २००६ च्या सायंकाळी या गावातील जमावाने सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि सुधीर व रोशन हे दोन मुलगे अशा चौघांची हत्या केली. प्रेते कालव्यात टाकून देण्यात आली. कुटुंबप्रमुख भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले आणि पुढे दहा वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहून २० जानेवारी २०१७ रोजी निवर्तले. कुटुंब बौद्ध होते. त्यांच्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावात वाद होता. त्याच महिन्याच्या आरंभी जवळच्या गावच्या पोलीस पाटलास मारहाण झाली, तेव्हा सुरेखाबाई व प्रियंका यांनी मारणाऱ्यांची नावे पोलिसांस सांगितली होती. ते आरोपी जामिनावर सुटले तो दिवस २९ सप्टेंबरचाच.

हा इतिहास वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. आम्ही त्याकडे पुन्हा वळतो, त्याचे कारण वेगळे आहे. हत्येनंतर गावात प्रथम जे बोलले गेले त्यात जमिनीचा, जातीचा किंवा साक्षीचा उल्लेख नव्हता. सुरेखाबाईंच्या चारित्र्याची चर्चा मात्र होती. गावाची नीती राखण्यासाठी लोक चिडले, असा सूर लावण्यात आला. चार माणसे मेली होती, आणि विचारले जात होते ते एवढेच, की मेलेली बाई कशी होती.

ही विचारण्याची रीत खैरलांजीने शोधून काढलेली नाही. ती आपल्या भाषेतच मुरलेली आहे. स्त्रीवर अत्याचार झाला की आपण म्हणतो, तिची अब्रू गेली, तिची अब्रू लुटली गेली. वर्तमानपत्रांनी कित्येक दशके हेच शब्द छापले. वाचकहो, या शब्दप्रयोगाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. चोर दागिने लुटतो तेव्हा गरीब होतो तो ज्याचे दागिने गेले तो, म्हणजे अब्रू लुटली म्हटल्यावर जिच्यावर अत्याचार झाला तीच बेअब्रू ठरते. ज्याने तो केला त्याच्या अब्रूविषयी भाषा काहीच बोलत नाही. एवढेच नव्हे, तर ती अब्रू तिची एकटीचीही मानलेली नसते. ती घराण्याची असते, जातीची असते, गावाची असते. तिच्या देहात ती फक्त ठेव म्हणून ठेवलेली असते. म्हणूनच एखाद्या कुटुंबाला धडा शिकवायचा असेल तर जमावाचा हात प्रथम त्या घरातील स्त्रीकडे जातो.

सेमिनरीत आम्हांस संत ऑगस्टीन शिकवले गेले, त्यांतील एक प्रकरण या संदर्भात आम्हांस वारंवार आठवते. इसवी सन ४१० मध्ये व्हिसिगॉथांनी रोम लुटले. त्या धामधुमीत अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले. काहींनी आत्महत्या केली; ज्या जगल्या त्यांना लोक टोमणे मारू लागले. थोड्याच वर्षांनी ऑगस्टीन ‘ईश्वराचे नगर’ हा आपला महाग्रंथ लिहावयास बसले आणि पहिल्याच खंडात त्यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांचे उत्तर स्वच्छ होते. शुचिता हा मनाचा, इच्छाशक्तीचा सद्गुण आहे. इच्छेने संमती दिली नसेल तर दुसऱ्याने देहावर केलेल्या कृत्याने ती नष्ट होत नाही. पाप करणाऱ्याचे आहे, सोसणारीचे नाही. म्हणून तिने स्वतःस शिक्षा करण्याचे कारण नाही. प्राचीन रोमने जिला पूजनीय मानले त्या ल्युक्रेशियाचेही उदाहरण ते तपासतात. ती निर्दोष होती तर तिने मरावे का, असा त्यांचा सवाल आहे. तिच्याविषयीची त्यांची भाषा आम्हांस थोडी कठोर वाटते, कारण जिला समाजाने मरणाकडे ढकलले तिची उलटतपासणी घेणे सोपे असते. परंतु सोळाशे वर्षांपूर्वीचा तो मूळ निर्णय अचूक आहे, आणि तो आपल्या घराघरांत अद्याप पोहोचलेला नाही.

संत मारिया गोरेत्ती हिची कथा आपण प्रवचनांतून सांगतो. १९०२ मध्ये हल्लेखोराचा प्रतिकार करताना ती मरण पावली, १९५० मध्ये तिला संतपद मिळाले. तिच्या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु ‘शुद्धता राखण्यासाठी तिने प्राण दिला’ एवढेच सांगून आपण थांबलो, तर बाकावर बसलेली जी मुलगी अशा प्रसंगातून जिवंत बाहेर आली आहे, तिने त्यातून काय ऐकावे? आपण जगलो म्हणजे काहीतरी गमावून जगलो, असेच ना? ऑगस्टीनचा न्याय लावला तर तिने काहीच गमावलेले नाही. हे वाक्य त्याच प्रवचनात, तितक्याच मोठ्या आवाजात उच्चारले गेले पाहिजे.

भंडाऱ्यावरून वाहणारी वैनगंगा पुढे देसाईगंज-वडसाकडे जाते. तेथील पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याचा खटला गाजला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या दोघा पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, असा युक्तिवाद तेथे ग्राह्य धरला गेला. रात्री पोलीस ठाण्यात एकटी सापडलेल्या गरीब मुलीने कोणास हाका माराव्यात, हे कोणी विचारले नाही. पुढल्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संभोग झाल्याचे सिद्ध झाले व स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते खरे धरून चालावे, अशी तरतूद आली. एका मुलीवरील अन्यायातून देशाचा कायदा सुधारला. मात्र तिच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय कायद्यानंतरही लागली नाही. बलात्कारितेची ‘दोन बोटांची तपासणी’ करून तिचे पूर्वायुष्य मोजण्याची निंद्य रीत करणाऱ्यांस गैरवर्तनाचे दोषी धरले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २०२२ मध्येही बजावावे लागले.

खैरलांजीच्या खटल्यात सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांस दोषी ठरवून सहा जणांस फाशी व दोघांस जन्मठेप सुनावली. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासावर आणल्या. हत्या सिद्ध झाली. परंतु दलित-आदिवासींवरील अत्याचारांना आळा घालणारा १९८९ चा कायदा येथे लागू ठरला नाही आणि स्त्रियांच्या विनयभंगाचा आरोपही टिकला नाही. पुरावा तोलणे हे न्यायाधीशांचे काम, त्यात आम्ही शिरत नाही. तथापि पहिल्या शवविच्छेदनावर आक्षेप आल्याने पुरलेली प्रेते पुन्हा उकरावी लागली, हे विसरता येत नाही. पहिल्या काही दिवसांत जे पाहिले गेले नाही, नोंदवले गेले नाही, ते नंतर कोणत्याही न्यायालयास सापडत नाही.

सुरेखाबाई दलित होत्या, जमीन राखणाऱ्या होत्या, स्त्री होत्या आणि साक्षीदार होत्या. या चार गोष्टी त्यांच्यात वेगवेगळ्या नव्हत्या. जमाव आला तो या चौघींवर मिळून आला. आपल्या संस्था मात्र त्यांतील एकेक तुकडा उचलतात. पोलिसांस गुन्हा दिसतो, डॉक्टरांस जखम दिसते, वकिलास कलम दिसते आणि आम्हां धर्मगुरूंस, खेदाने म्हणावे लागते, बहुधा मोडणारा संसार दिसतो. शास्ते या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात रात्रभर अत्याचार सोसून मेलेल्या एका स्त्रीच्या देहाचे बारा तुकडे करून ते इस्राएलभर पाठवल्याची भीषण कथा आहे. त्यावरून युद्ध पेटते. तिचे नाव मात्र बायबलमध्ये कोठेही नोंदलेले नाही.

‘समग्र उपाय’ हा शब्द हल्ली परिषदांतून फार ऐकू येतो. त्याचा साधा अर्थ आम्ही असा करतो, की या स्त्रीला तुकड्यांत पाहू नये. तसे प्रयत्न आपल्याच राज्यात झाले आहेत. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस यंत्रणेतच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडून प्रशिक्षित समाजसेविका बसवली. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. पडून हात मोडला असे सांगणारी बाई खरोखर पडली आहे का, हे आपुलकीने विचारणारे माणूस तेथे डॉक्टरांच्या शेजारीच असते. आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी, म्हणजे खैरलांजीनंतर महिनाही उलटण्यापूर्वी, अंमलात आला. मारहाणीबरोबरच लैंगिक बळजबरी, शिवीगाळ-अपमान आणि पैसा अडवून कोंडी करणे, या सर्वांस त्याने हिंसा म्हटले. २०१३ पासून बलात्कारितेवर विनामूल्य तातडीचे उपचार करणे प्रत्येक रुग्णालयास, सरकारी असो वा खासगी, बंधनकारक झाले. आपल्या सिस्टरांची रुग्णालये त्यास अपवाद नाहीत.

तरीही स्त्रिया येत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील विवाहितांपैकी सुमारे चारांत एकीने पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती, तर ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, पण कोणाजवळ शब्दही काढला नव्हता. गावाच्या अब्रूसाठी जमाव हात उगारतो, तर घराच्या अब्रूसाठी बाई तोंड मिटते. दोन्हींचे मूळ एकच. राजा दावीदाची कन्या तामार हिच्यावर सावत्र भावाने बलात्कार केला, तेव्हा सख्ख्या भावाने, अबशालोमाने, तिला गप्प राहावयास सांगितले. दावीद संतापला, पण थोरल्या मुलास त्याने काही केले नाही. राजवाड्यात झाले ते चाळीत आणि वाड्यातही होते.

नवरा दारू पितो म्हणून मारतो, हे आपले आवडते स्पष्टीकरण. दारूबंदीच्या कार्याविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु तोच मनुष्य त्याच नशेत मुकादमावर वा सरपंचावर हात टाकत नाही. कोणास मारले तर चालते, हे नशेतही त्यास पक्के ठाऊक असते, आणि ते त्यास दारूच्या दुकानात शिकवलेले नसते.

आता आमच्या दाराशी येणाऱ्या प्रश्नाकडे येतो. मार खाणारी पत्नी विचारते, फादर, हा माझा क्रूस समजू का? प्रभूने क्रूस स्वेच्छेने घेतला, इतरांच्या तारणासाठी घेतला. पतीची सवय चालू राहावी म्हणून सोसलेल्या मारास त्याच्या पंक्तीस बसवणे हा क्रूसाचा अपमान होय. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण प्रभूचीच, हे खरे. परंतु प्रमुख याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याच प्रभूने, माझे चुकले असेल तर ते दाखव, नसेल तर मला का मारतोस, असा जाब विचारला. योहानच्या शुभवर्तमानातील हा अठरावा अध्याय आपण दर शुभ शुक्रवारी ऐकतो.

विवाहसंस्कार अतूट आहे, म्हणून छताखाली एकत्र राहिलेच पाहिजे, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. पतीपासून देहास वा आत्म्यास गंभीर धोका असेल तर पत्नीस विभक्त राहण्याचा रास्त आधार आहे, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे ११५३ वे कलम सांगते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतिशिया’ या पत्रात त्याही पुढे जाऊन, अत्याचारापासून दुबळ्या जोडीदारास वा मुलांस वाचवण्यासाठी विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरू शकते, असे लिहिले. हे कलम विवाहपूर्व शिबिरात शिकवले जावे, आणि वधूवरांच्या आईवडिलांसमोर शिकवले जावे. क्षमेविषयी म्हणाल तर क्षमा ही तिने द्यावयाची देणगी आहे, आणि ती केव्हा द्यावी हे तिने ठरवावे. क्षमा केली म्हणजे त्याच रात्री त्याच खोलीत परतावे, असा अर्थ पापनिवेदनाच्या कोणत्याही ग्रंथात आम्हांस आढळलेला नाही.

अशी बाई आली की दोघांना समोरासमोर बसवून समेट करण्याची घाई होते. पतीसमोर ती खरे बोलणार नाही, आणि बोललीच तर घरी त्याची किंमत मोजेल. तिचे म्हणणे प्रथम एकटीचे ऐकावे. एखादी सिस्टर वा जाणती स्त्री सोबत असावी. जखम असेल तर दवाखान्यात नोंद व्हावी. जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व १८१ हा महिला मदतीचा क्रमांक धर्मग्रामाच्या फलकावर मिस्साच्या वेळांशेजारी असावा, म्हणजे तो वाचणारी कोणाच्या नजरेत भरणार नाही. पतीशी बोलावयाचे ते वेगळे, नंतर, आणि शक्य तर त्याच्याच वयाच्या पुरुषांनी. कारण तो ज्यांच्यात उठतो-बसतो त्यांनी मान वळवली तरच त्यास काही कळेल.

आणि या सर्वांआधी एक प्रश्न विचारावा लागतो: आज रात्री ती व मुले झोपणार कोठे? माहेर दूर असते, भावजयीस परवडत नसते, कॉन्व्हेंटमध्ये एखादी खोली निघू शकते. आपण सारे तिच्यासाठी जागा शोधू लागतो. २००५ च्या कायद्याचे सतरावे कलम मात्र सांगते, की घर कोणाच्याही नावे असो, तिला तेथे राहण्याचा हक्क आहे; आणि एकोणिसाव्या कलमान्वये न्यायदंडाधिकारी पतीसच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात.