सातवे पाऊल

जामीन कुणाला राहू नये, असे आमचे वडील सांगत. सोसायटीच्या कर्जाला ते एकदा शेजाऱ्यासाठी जामीन राहिले. शेजाऱ्याने कर्ज पै-पैसह फेडले. पण तेव्हापासून वडील दिसले की तो रस्ता बदलू लागला. "जामीन राहिलं की मैत्री जाते," हा वडिलांचा निष्कर्ष.

ते आता आठवायचे कारण माझा भाचा. धानोऱ्याचा हा मुलगा पुण्यात नोकरीला लागला. तिथे चुलतबहिणीच्या लग्नाला आलेल्या एका मुलीशी त्याची ओळख झाली, आणि पुढचे सगळे त्यांनी आम्हाला न विचारता ठरवले. मुलगी चांगली. घराणे मूळचे शहाद्याकडचे, हिचा जन्म न्यू जर्सीचा. म्हणजे अमेरिकेची नागरिक. लग्न करून भाच्याने तिकडे राहायचे, आणि त्यासाठी तिने त्याला 'स्पॉन्सर' करायचे.

"म्हणजे काय रे, भाऊ?" अक्काने विचारले.

"जामीन," मी म्हणालो आणि फसलो.

कारण मग खुलासा करणे आले. मुलीने सरकारला लिहून द्यायचे, की याच्या पोटापाण्याला मी जबाबदार. तिची मिळकत तिकडच्या दारिद्र्यमर्यादेच्या निदान १२५ टक्के हवी. आणि ही सही घटस्फोटानेसुद्धा सुटत नाही! नवरा तिथला नागरिक होईपर्यंत, नाहीतर कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे दहा वर्षे, हिशेबात जमा होईपर्यंत ती साधारणपणे बांधलेली. आपल्याकडे सात जन्मांचे वचन देतात. पण त्याखाली कुणी सही करत नाही, ही गोम त्या लोकांनी बरोबर हेरलेली दिसते.

ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याने तेवढेच ऐकले. "आते पोर पोऱ्याले पोसी का?" झाले! संध्याकाळपर्यंत गावभर तेच. अक्का दोन दिवस पिठाच्या गिरणीत गेली नाही.

दुसरी अडचण तारखेची. एक वाट अशी, की इथे लग्न लावायचे आणि मग नवरा म्हणून अर्ज करायचा. दुसरी, वाग्दत्त वर म्हणून जायचे. अमेरिकेने ही सोय १९७० साली केली. यात अट अशी, की अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघे एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले हवेत, आणि तिथे उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न लागले पाहिजे. मुलीच्या आजोबांना प्रवास झेपत नाही, आणि त्यांना लग्न तर डोळ्यांनी पाहायचे आहे. म्हणून मुलांनी दुसरी वाट धरली.

गुरुजींनी पंचांग उघडले आणि मिटले. चातुर्मास चार महिन्यांचा, सवलत तीन महिन्यांची. व्हिसा नेमका आषाढीला हाती पडला आणि पोरगा विमानात बसला, तर तुळशीच्या लग्नाआधीच याची मुदत संपायची!

"निदान अक्षता तरी माझ्या दारात पडू द्या," अक्का म्हणाली.

पण इथे लग्न लागले, की तो वाग्दत्त राहत नाही. गुरुजींना १९५५ चा हिंदू विवाह कायदा पाठ. कलम ७ : जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण. "मग सहा पावलं इथं चालवू, सातवं न्यू जर्सीला!" गुरुजी गंभीरपणे म्हणाले. भाचा हादरला. मुंबईच्या वकिलातीतला साहेब फोटो पाहणार. त्यांत प्रेम तर दिसले पाहिजे, पण लग्न दिसता कामा नये!

प्रेमाचा पुरावा म्हणून दोघांनी प्रवासाची तिकिटे, निरोप, फोटो यांची चांगली जाडजूड फाइल केली. इंग्लंडात तर १९९७ पर्यंत असा नियम होता, की लग्नाचा मुख्य हेतू देशात शिरणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. नसलेली गोष्ट सिद्ध कशी करायची? मी हिला पाहिले ते पोह्यांच्या बशीआडून, दहा मिनिटे. माझ्यापाशी एक तिकीटही नाही.

"अक्काला वाईट वाटणारच," मी रात्री हिला म्हणालो. "पोरगा बायकोच्या सहीवर जगणार!"

ही भांडी आवरत होती. "मी तुमच्या सहीवर चाळीस वर्षं जगले," ती म्हणाली. "बँक तुमची, सातबारा तुमचा, रेशनकार्डावर मी दुसऱ्या ओळीत. माझी लाज कुणाला वाटली होती का? उलट नशीब काढलं म्हणाले."

मी गप्प. मग उगाच म्हणालो, "पण मी कधी काही कमी पडू दिलं नाही."

"आणि हे वाक्य महिन्यातून एकदा ऐकवायचंही चुकला नाहीत."

मला एकदम वडील आठवले. दर दिवाळीला शेजारी फराळाला आला, की ते त्या जामीनकीची गोष्ट सगळ्यांदेखत सांगत. शेजारी रस्ता बदलत असे तो सहीमुळे नव्हे. ती सही त्याला दर वर्षी नव्याने वाचून दाखवली जात होती म्हणून. दुसऱ्याचा भार उचलणे फारसे अवघड नसावे. उचलल्यावर तोंड बंद ठेवणे, हे खरे सातवे पाऊल. माझे चाळीस वर्षांत पडलेले नाही.

दोघांचे नाते खरे आहे, असे फाइलीसाठी मीही लिहून द्यावे, असे भाच्याने सांगितले होते. दुसऱ्या दिवशी बसलो. "दोघांचे परस्परांवर..." एवढे लिहून खोडले. मग पाहिले तेच लिहिले. गेल्या थंडीत मुलगी धानोऱ्याला आली होती. अक्काने कौतुकाने तिच्या ताटात ठेच्याचा हा एवढा गोळा वाढला. मिरची आमच्या नंदुरबारची! अक्का भाकरी आणायला वळली, तेवढ्यात भाच्याने तो गोळा उचलून आपल्या ताटात घेतला आणि खाऊन टाकला. डोळ्यांतून पाणी वाहत होते, तरी अक्काला म्हणाला, धूर लागला. मुलीला त्याने त्याचे उपकार नंतरही सांगितले नसावेत. कारण ती बिचारी त्याला चुलीपासून लांब बसवायला धडपडत होती.

कागद हिला वाचून दाखवला. "साहेबाला कळेल का?" मी विचारले.

"साहेबाला कळो न कळो," ती म्हणाली, "तुम्हाला दिसलं, हेच पुष्कळ झालं."

आणि मग, कागद परत देता देता, "आता याचीही गोष्ट त्या पोरीला सांगत बसू नका."