कपडा घेताना शेजारी कोण?



मुलांचे प्रथम पवित्र कम्युनियन किंवा नाताळ जवळ आला की आपल्या घरोघरी कपड्यांची खरेदी निघते. रंग, माप आणि भाव या तीन गोष्टी आपण पाहतो. कापूस कोणी पिकवला, त्यावर काय फवारले, हे आपण विचारत नाही. आता काही दुकानांतून ‘सेंद्रिय कापूस’ अशी चिठ्ठी लावलेले कपडे मिळतात. त्यांची किंमत बहुधा जास्त असते. तेव्हा प्रश्न पडतो : साधा सुती कपडा घेणे चूक आहे काय? आणि जास्त पैसे मोजणे हे आपले कर्तव्य आहे काय?

हा प्रश्न हवेतला नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळी जाईल, फवारणी कमी होईल अशी आशा होती. काही वर्षे तसे झालेही. पण गुलाबी बोंडअळी त्या वाणाला जुमानेनाशी झाली आणि रसशोषक किडींवर तर त्याचा इलाज नव्हताच. फवारणीचा पंप पुन्हा मजुराच्या पाठीवर आला.

मग या मरणांत सदरा विकत घेणाऱ्याचा वाटा किती? नीतिशास्त्रात ख्रिस्तसभा एक जुना भेद करते. अठराव्या शतकात संत अल्फॉन्सस लिगोरी यांनी तो नीट मांडला. दुसऱ्याचे वाईट कृत्य मनापासून इच्छिणे हा एक सहभाग. तसे न इच्छिताही आपल्या कृतीची कुठेतरी मदत होणे हा दुसरा. हा दुसरा सहभाग जवळचा असतो किंवा दूरचा असतो. शेतापासून जिनिंग, सूतगिरणी, इचलकरंजीसारख्या गावचे माग, शिलाई आणि मग दुकान, इतक्या हातांतून कपडा आपल्याकडे येतो. आपला वाटा दूरचा आहे. म्हणून साधा सुती कपडा घेणे हे पाप नव्हे. ज्या घरी महिनाअखेरीस हातात पैसा उरत नाही, त्या घरावर कोणी हे ओझे लादू नये.

पण ‘पाप नव्हे’ एवढ्याने विचार संपत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या 16 व्या अध्यायातील श्रीमंत माणूस आठवू या. तो जांभळी व तलम वस्त्रे नेसत असे. त्याने लाजरसाला मारले नव्हते की लुबाडले नव्हते. दाराशी पडलेल्या माणसाची त्याने दखल घेतली नाही, एवढाच त्याचा अपराध. आपला लाजरस दाराशी नाही, यवतमाळच्या शेतात आहे. पण आता त्याची बातमी आपल्यापर्यंत आली आहे, आणि कळल्यावर जबाबदारी वाढते.

‘आमच्या एका सदऱ्याने काय होणार?’ असे कोणी म्हणेल. शेतकऱ्याच्या बाजूने पाहू या. कपाशीसारख्या हंगामी पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळण्याआधी साधारण दोन वर्षे संक्रमणाची जातात. त्या काळात उत्पन्न बहुधा घटते आणि सेंद्रिय मालाचा भावही मिळत नाही. पुढे गिऱ्हाईक आहे अशी खात्री असेल तरच तो हा तोटा सोसेल. ती खात्री एकेका गिऱ्हाइकानेच उभी राहते. खरेदी हा केवळ पैशाचा व्यवहार नसून नैतिक कृती आहे, असे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2009 मध्ये सांगितले आणि पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये त्याची पुन्हा आठवण दिली.

तरीही भोळेपणा नको. भारतात सेंद्रिय कापसाची बनावट प्रमाणपत्रे 2020 मध्ये उघडकीस आली. नुसत्या हिरव्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. ‘जीओटीएस’ची ‘सेंद्रिय’ अशी चिठ्ठी असेल तर किमान 95 टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो. खादी हाताने कातलेली असते, पण तिचा कापूस सेंद्रिय असेलच असे नाही.

मग आपण करावे काय? पहिले, आहे तो कपडा जास्त दिवस वापरावा, थोरल्याचा धाकट्याला द्यावा. यात खर्च नाही, आणि हे गरिबाघरी आधीपासूनच होते. त्यांच्याकडून इतरांनी शिकावे. दुसरे, ज्यांना परवडते त्यांनी चार कपड्यांऐवजी दोन घ्यावेत, पण विचारून घ्यावेत. तिसरे, वेदीवरची वस्त्रे व वेदीसेवकांचे झगे आपण सर्वांच्या पैशाने घेतो. तेथे हा विचार प्रथम व्हावा. पॅरिश मंडळाने यावर बोलावे.

शेवटची गोष्ट सर्वांत जवळची. फलटण तालुक्यात डाळिंबावर फवारणी होते, सांगलीकडे द्राक्षांवर होते. तेथेही रोजंदारीचा माणूसच पंप उचलतो. महागडा सेंद्रिय सदरा अंगात घालून आपल्याच बागेत मजुराला मास्क व हातमोजे न देता फवारायला लावले, तर तो सदरा आपल्यावरच साक्ष देईल. ज्यांची शेती आहे त्यांनी या आठवड्यात एवढे तरी पाहावे.

स्नानसंस्काराच्या वेळी आपल्याला शुभ्र वस्त्र दिले गेले. ते निष्कलंक राखण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो.