नाव तीच, नावही तेच?

जीर्ण झालेल्या वस्तूवर माणसाने किती जीव लावावा, असे विचारले तर व्यवहारी माणूस चटकन उत्तर देईल : जोवर तिचा उपयोग आहे तोवर. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. आजीचे जाते आता दळणासाठी लागत नाही. तरीही ते फोडून पायरीला लावताना हात अडखळतोच. उपयोग संपल्यावरही वस्तूचे आपल्यावर काही ऋण उरते काय? उरत असेल, तर ते फेडावे कसे? आणि ते फेडत असताना आपण त्या वस्तूची सेवा करीत असतो की स्वतःच्या आसक्तीची? या प्रश्नांचा विचार आम्ही येथे एका काहीशा आगळ्या उदाहरणाच्या आधारे करू इच्छितो. ते उदाहरण म्हणजे जुन्या लाकडी मोटरबोटी घरच्या घरी, केवळ हौसेखातर, पुन्हा उभ्या करणाऱ्या माणसांचे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांचे बालपण समुद्रकाठी गेले आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आणि हंगाम सुरू होण्याआधी त्यांच्या डागडुजीची चाललेली लगबग त्यांनी पाहिली आहे. होडीची फळी बदलणाऱ्या कोळीबांधवाला ‘हे कशासाठी?’ असे कोणी विचारीत नाही, कारण त्या होडीवर त्याची चूल अवलंबून असते. हौशी माणसाच्या बोटीवर कोणाचीच चूल पेटत नाही. गरजेचा आधार तेथे नाही, म्हणूनच तिच्यापाशी आपला प्रश्न निर्भेळ स्वरूपात उभा राहतो.

हा छंद मुख्यतः अमेरिकेतला. मिशिगन राज्यात सेंट क्लेअर नदीच्या काठी अल्गोनॅक नावाचे गाव आहे. तेथील ख्रिस स्मिथ या कारागिराने आपल्या मुलांसह १९२२ साली बोटी बांधण्याची कंपनी काढली. ‘ख्रिस-क्राफ्ट’ या नावाने त्या बोटी पुढे विख्यात झाल्या. महोगनीच्या तांबूस फळ्या, त्यांवर आरशासारखे वार्निश, आत मोटरगाडीच्या धर्तीचे इंजिन असे त्यांचे रूप होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू फायबरग्लास आले. त्याला ना कीड, ना कूज. १९७१पर्यंत या कंपनीची महोगनीची बोटबांधणी संपली. कंपनीचे नाव आजही चालू आहे, बोटी मात्र फायबरग्लासच्या आहेत. तेथे नाव तेच राहिले. नाव मात्र बदलली.

जुन्या लाकडी बोटी गोठ्यांत, गुदामांत, घरांच्या मागील अंगणांत पडून राहिल्या. काहींना सरपणाची गती मिळाली. उरलेल्यांची आस्था असणाऱ्यांनी १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्जच्या परिसरात एक संस्था स्थापन केली. या लोकांना साह्यभूत ठरणारा एक ठेवा व्हर्जिनियातील मरिनर्स म्युझियममध्ये आहे. ख्रिस-क्राफ्टच्या कारखान्यात प्रत्येक बोटीची नोंद एका कार्डावर होत असे : तिचा क्रमांक, तिचे इंजिन, ती कोणत्या गावी पाठविली, हा तपशील त्यात असे. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक सापडला की आजही त्या कार्डाची प्रत मिळू शकते. आम्हा धर्मगुरूंना येथे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. माणूस थकला, विस्मरणात गेला, तरी त्याच्या आरंभाची साक्ष कोठेतरी शाईत टिकून असते.

आता या कामाची रीत पाहू. अननुभवी माणसाला मोह होतो तो वार्निशाचा. चार हात फिरवले की बोट लखलखू लागेल आणि शेजारी कौतुक करतील, असे त्याला वाटते. जाणकार मात्र वार्निशाकडे सर्वांत शेवटी वळतो. तो प्रथम बोटीला नीट आधार देतो. कारण फळ्या काढल्या की जुना सांगाडा वाकतो, आणि वाकलेल्या सांगाड्यावर बसविलेली नवी फळी ते वाकडेपण कायमचे करून टाकते. मग तो हातात टोकदार टोच्या घेऊन बरगडी न् बरगडी तपासतो. टोच्या सहज आत गेला, तर वरून धडधाकट दिसणारे लाकूड आतून गेलेले असते. पितळी स्क्रूंचीही तीच गत होते. पाण्याच्या सहवासात पितळातील जस्त निघून जाते. स्क्रूचा आकार राहतो, त्राण राहत नाही. म्हणून बोट पुन्हा जोडताना जाणकार कांस्याचे स्क्रू वापरतात.

लाकूड कुजते कसे, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. कूज म्हणजे बुरशीचे काम. बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. पूर्णपणे पाण्यात बुडालेले लाकूड या कुजीपासून पुष्कळ काळ बचावते. घात होतो तो वरच्या फटीतून झिरपून कोपऱ्यात साचलेल्या पावसाच्या पाण्याने. जिच्यावर कोणी बसत नाही, जिचे आच्छादन कोणी झटकत नाही, अशी बोट लाटांत झुंजणाऱ्या बोटीपेक्षा लवकर मरते. लाटांहून उपेक्षा अधिक घातक ठरावी, हे केवळ लाकडापुरतेच खरे नसावे.

कूज सापडली की ती काढावी लागते, आणि येथेच तत्त्वज्ञांचा जुना वाद अंगणात येऊन उभा राहतो. आज तळाच्या फळ्या बदलल्या, पुढील वर्षी बरगड्या, नंतर पाठीमागची बाजू. असे करता करता मूळचे लाकूड किती उरले? आणि ही बोट तीच काय? प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की, थीसियसचे तीस वल्ह्यांचे जहाज अथेन्सवासीयांनी कुजलेल्या फळ्यांच्या जागी नव्या बसवीत दीर्घकाळ जपले, आणि ते जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले. इंग्रज विचारवंत हॉब्ज याने १६५५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्या वादाला आणखी एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचेच दुसरे जहाज त्याच क्रमाने जोडले, तर खरे कोणते?

आपल्या भूमीतही हा विचार झालेला आहे. ‘मिलिंदप्रश्ना’त भिक्षू नागसेन राजाला विचारतो : चाके म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? पुढे तो दिव्याचा दृष्टांत देतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच म्हणावी की वेगळी? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस माणसाच्या देहाविषयी लिहिताना अग्नीचाच दाखला देतात : जुनी लाकडे जळून जातात, नवी घातली जातात, तरी अग्नी एकच राहतो. दोघांचे सिद्धान्त भिन्न आहेत. नागसेनाला ‘तोच’ हा शब्दही मान्य नाही आणि ‘दुसरा’ हाही नाही; अक्वायनस एकत्वाच्या बाजूने उभे राहतात. तथापि वस्तूची ओळख केवळ तिच्यातील द्रव्यावरून ठरत नाही, हे दोघांनीही अग्नीकडे पाहूनच सांगावे, हे लक्षणीय आहे.

अंगणातील कारागीर हे ग्रंथ वाचीत नाही; तो आपले उत्तर हातांनी देतो. कुजलेली फळी तो शक्यतो सगळी सलग काढतो, नव्या लाकडावर आडवी ठेवतो आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवितो. जी फळी आता भार सोसू शकत नाही, ती आपला आकार पुढच्या फळीला देऊन मग निवृत्त होते. आमच्या मते बोटीचे ‘तेच’पण या पेन्सिलीच्या रेघेत आहे. एकाच दिवशी सर्व फळ्या जाळून शेजारी नवी बोट बांधली असती, तर ती फार तर प्रतिकृती झाली असती. परंतु प्रत्येक नव्या फळीने जुन्या फळीपासून आकार घेतला आणि उरलेल्या जुन्यांच्या सोबतीने ती आपल्या जागी बसली, तेव्हा सातत्याचा धागा कोठेच तुटला नाही. कुटुंबे, गावे आणि भाषाही याच रीतीने टिकतात.

परंतु या उत्तरासोबत एक जबाबदारीही येते. पुष्कळशा जुन्या ख्रिस-क्राफ्ट बोटींचा तळ दुहेरी असे : आत तिरक्या फळ्या, मध्ये लेप दिलेले कॅनव्हास, बाहेर उभ्या फळ्या. असा तळ प्रत्येक हंगामाच्या आरंभी भिजवावा लागतो. लाकूड फुगले की फटी मिटतात. आज अनेक जण तळ नव्याने बांधताना थरांमध्ये आधुनिक चिकट रसायन भरतात. मग भिजविणे नको, गळणे नको. यावर शौकिनांत गंभीर मतभेद आहेत. एक पक्ष म्हणतो, ही मूळ कारागिराशी प्रतारणा आहे. ज्या रीतीने त्याने बांधले त्याच रीतीने बांधा. दुसरा पक्ष म्हणतो, त्या कारागिराला हे साधन मिळाले असते तर त्यानेही ते वापरले असते.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. तरीही निवाडा करायचाच झाला, तर आम्ही दोन कसोट्या लावू. पहिली कसोटी जीविताची. बोटीत उद्या कोणाची तरी मुले बसणार आहेत. भर वेगात तळाची फळी निसटली, तर अस्सलपणाचा अभिमान कोणाला तारणार नाही. माणसाच्या प्राणाचे ऋण लाकडाच्या ऋणापेक्षा सदैव मोठे आहे. दुसरी कसोटी सत्याची. जे बदलले ते बदलले, असे सांगावे. उपर्युक्त संस्थेच्या परीक्षणाच्या नियमांत ‘जतन केलेली’ आणि ‘पुनर्निर्मित’ अशा बोटींचे वर्ग वेगळे मानले जातात. पहिल्या वर्गात बसण्यासाठी वरच्या व बाजूच्या लाकडापैकी किमान ६० टक्के मूळचे असावे लागते. दोन्ही वर्ग सन्मानाचेच आहेत. दोष आहे तो एका वर्गातील बोट दुसऱ्या वर्गात खपविण्यात. जुन्या क्रमांकाची एक पट्टी हाती लागली म्हणून तिच्याभोवती सगळी नवी बोट रचून ती ‘मूळची’ म्हणून विकणाऱ्याने पेन्सिलीची रेघ ओढलेली नसते. त्याने केवळ नाव चोरलेले असते.

एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. जगात उपाशी माणसे असताना निरुपयोगी बोटीवर वर्षानुवर्षे श्रम आणि पैसा खर्च करणे नीतीला धरून आहे काय? या आक्षेपाला टाळून पुढे जाता येणार नाही. ज्याच्या छंदापायी घरातील माणसे वंचित राहतात, ज्याची प्रत्येक सायंकाळ बोटीजवळ जाते आणि मुलांच्या वाट्याला केवळ त्याची पाठ येते, त्याने एक जुनी वस्तू सावरताना एक जिवंत नाते कुजू दिले, असेच म्हणावे लागेल. शेजाऱ्याचा हक्क छंदाच्या आधी येतो. परंतु या मर्यादा पाळल्यावर जे उरते, ते वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. ॲरिस्टॉटलने विश्रांती आणि सार्थ अवकाश यांत भेद केला होता. थकवा घालविण्यासाठी जे करतो ती विश्रांती. जे त्याच्या स्वतःच्या मूल्यासाठी करतो तो अवकाश. नफ्याची अपेक्षा नसताना एखादा सांधा नीट बसेपर्यंत पुनःपुन्हा घासणारा माणूस आपले लक्ष दुसऱ्या कोणाच्या तरी हस्तकौशल्याला अर्पण करीत असतो. ज्याचे नावही आज कोणाला ठाऊक नाही, अशा कामगाराचे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे चांगले काम तो ओळखतो आणि त्याला दाद देतो. मृतांना दाद देण्याचे मार्ग आपल्यापाशी फार नाहीत.

अर्थात, प्रत्येक बोट वाचवायचीच असा हट्टही विवेकाला धरून नाही. कणा, बरगड्या, फळ्या सारेच गेले असेल, तर तिची मापे घ्यावीत, तिचे इंजिन आणि पितळी साज दुसऱ्या बोटीच्या कामी द्यावा आणि तिला निरोप द्यावा. निष्ठेला मृत्यूचेही भान असावे लागते. तसेच, जी बोट सावरली ती ओरखडा पडेल या भयाने कधी पाण्यात घालायचीच नाही, हीही निष्ठा नव्हे. नावेचा धर्म तरण्याचा आहे. काचेआडची चकाकी तिच्या मालकाला सुखावते, तिला नव्हे.

जुन्या रीतीने बांधलेली बोट प्रथम पाण्यात उतरवितात, तेव्हा तिला पट्ट्यांनी टांगून ठेवतात आणि पंप चालू ठेवतात. कारण आरंभी ती गळते. इतक्या श्रमांनंतर आत पाणी येताना पाहणे सोपे नाही. पण तेथे आणखी लांबी भरून चालत नाही, थांबावेच लागते. लाकूड पाणी पिते, फुगते, फळी फळीला भिडते आणि हळूहळू पाणी यायचे थांबते. कारागिराने जे करायचे ते सारे केल्यावरही शेवटचा सांधा लाकूड स्वतःच मिटविते, आणि तेही ज्याच्यापासून आपण त्याला जपत होतो त्या पाण्याच्या साह्याने. मग पट्ट्या सोडतात. त्या वेळी नाव तीच की दुसरी, याचा निर्णय पाण्यावर होत नाही. पाणी एवढेच पाहते की ती खरी आहे की नाही. तिचे नाव तेच ठेवण्याचा अधिकार मात्र ज्याने काही लपविले नाही त्यालाच आहे.