नासलेल्या लाकडाचा हिशेब

आंध्रातल्या कोंडापल्लीची लाकडी खेळणी करणाऱ्या घरांत कामाची वाटणी जुनी आहे. पोनिकीचं हलकं लाकूड पुरुष कोरतात, रंगवण्याचं काम बहुतांशी बायका करतात. आपल्याकडच्या बांधकामावर गवंडी पुरुष असतो आणि त्याच्या हाताखाली विटा नि माल वाहणारी बाई. ऊसतोडीत तर नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. ऊस बहुधा तो तोडतो, मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत ती नेते. म्हणजे बाई या कामांपासून लांब कधीच नव्हती. लाकडाला, दगडाला, उसाला तिचा हात रोज लागतोच. मात्र पातं जिथे वस्तूला लागतं आणि वस्तू कायमची बदलते, तेवढीच जागा तिच्या वाट्याला क्वचित आली.

याचं कारण ताकद, असं सांगायची पद्धत आहे. डोक्यावर ओली मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईसमोर हे सांगायला धीर लागतो. धारेची भीती म्हणावी, तर विळीसमोर बसून बोटांपासून दोन सुतांवर भाजी चिरत तिचा जन्म जातो. विळीचं पातं स्थिर असतं आणि वस्तू त्याच्यावर सरकवायची असते. लाकूड कापायच्या बँडसॉवरही हेच करायचं असतं, फक्त तिथे पातं मोटरवर धावतं. शिवाय आपला जुना सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून धरून काम करत आला. विळीवर बसणारी बाईही पाट पायानेच दाबते. बैठक तीच, धार तीच. मग अडलं कुठे?

जमेल की नाही, हा प्रश्न तर शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. १९१७ साली फ्रान्समधल्या कॅले इथे टॅरंट या इंग्लिश कंपनीच्या कार्यशाळांत बायका सैन्यासाठी लाकडी बराकी बनवत होत्या. करवती आणि हातोडे घेऊन उभ्या असलेल्या या सुतारणींचे फोटो लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहेत. दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो हे विमान मुख्यतः लाकडाचं होतं, आणि ते बनवणाऱ्या हातांत बायकांचे हात पुष्कळ होते. युद्धं संपली, पुरुष परतले, आणि बायकांना करवत खाली ठेवावी लागली. म्हणून ‘बायकाही सुतारकाम करू शकतात’ असे जे मथळे आजही छापून येतात, त्यांचा मला कंटाळा येतो. करू शकतात हे ठाऊक होतं. फक्त गरज सरली की ते विसरायची सोय होती.

माझ्या मते अडलं आहे ते नासण्यापाशी. लाकूड कापणं म्हणजे न फिरणारा निर्णय घेणं. कणीक सैल झाली तर पीठ घालता येतं, शिवण उसवता येते, पण फळी दोन सूत आखूड कापली गेली की ती आखूडच राहते. सागवान घनफुटाच्या भावाने येतं आणि तो भाव ऐकून चांगल्या चांगल्या घरांना घाम फुटतो. अशा मालावर हात चालवायचा म्हणजे तो बिघडवण्याची परवानगी आधी खिशात हवी. सुताराच्या मुलाला ती न मागता मिळते. बापाच्या शेजारी बसून तो लहानपणापासून तुकड्यांवर रंधा ओढतो, खिळे वाकवतो, पटाशीची धार घालवतो आणि शिव्या खातो. पण त्या शिव्या शिकण्याचाच भाग असतात, उद्या त्याला परत तिथेच बसायचं असतं. इतर घरांतल्या मुलांनाही थोडीबहुत अशी सूट असते. रेडिओ उघडून ठेवणाऱ्या मुलाचं कौतुक होतं, त्याला डोकं आहे असं म्हणतात. मुलीच्या हातून दूध उतू गेलं तर लक्ष कुठे होतं, असं विचारतात. एकाच्या चुकीत हुशारी दिसते, दुसरीच्या चुकीत वळण नसणं. स्वयंपाकघर ही बाईची हक्काची कार्यशाळा आहे असं म्हणणाऱ्यांनी तिथे भंगाराची पेटी कुठे असते ते दाखवावं. तिथे बिघडलेलं अन्न तीच गुपचूप खाऊन संपवते.

सुतारकामाच्या सामायिक कार्यशाळेत मात्र भंगाराची पेटी दाराशीच असते आणि ती भरलेली असते. बायका एकत्र येऊन लाकूडकाम शिकतात तेव्हा नेमकं काय घडतं, हे या पेटीकडे पाहून जास्त कळतं. तिथे पहिल्यांदा कुणी स्टूल करायला घेत नाही. आधी रेघ मारायची. गुण्या लावून काटकोन पाहायचा. करवतीने रेघेवर न कापता रेघेच्या टाकाऊ बाजूने कापायचं, कारण पात्याचीही जाडी असते आणि ती आपल्या मापातून जाते. रंधा मारायच्या आधी लाकडाची रेषा कुठे धावते ते पाहायचं. उलट्या बाजूने गेलात तर गुळगुळीत व्हायच्या ऐवजी पृष्ठभाग उचकटतो, आणि तो उचकटलेला खरखरीतपणा बोटांना जे शिकवतो ते मास्तरांच्या सांगण्याने होत नाही. पटाशीला धार लावणं हा तर स्वतंत्र विषय आहे. बोथट पातं जास्त धोक्याचं, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर सटकतो, हे कळायला प्रत्येकीला स्वतः एकदा बोथट पातं वापरावं लागतं. लाकूड पावसाळ्यात फुगतं ते लांबीला नव्हे, रुंदीला. म्हणूनच श्रावणात दार चौकटीत अडतं, आणि म्हणूनच टेबलाची फळी खाली घट्ट ठोकून टाकायची नसते, तिला हलायला जागा ठेवायची असते. हे समजल्यावर घरातल्या दाराकडे पाहण्याची नजर बदलते. आतापर्यंत ते नुसतं त्रास देणारं दार होतं, आता त्याचं कारण कळतं आणि रंधा कुठे मारायचा तेही कळतं.

कपड्यांचा प्रश्नही तिथे बिनदिक्कत निघतो. फिरत्या यंत्राजवळ ओढणी, पदर, मोकळे केस, बांगड्या, लांब मंगळसूत्र यांतलं काहीच चालत नाही. हातमोजेसुद्धा नाहीत, ते पात्यात ओढले जातात. कुंकवापासून बांगड्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीवर जिच्या घरात मत आहे, त्या बाईला यंत्रासमोर उभं राहताना हे सगळं काढून ठेवायला एक निर्विवाद कारण मिळतं. स्त्रीमुक्तीवर व्याख्यान न देता मोटरने लावलेला हा नियम मला फार आवडतो.

पण मग फक्त बायकांची तुकडी का? हा आक्षेप प्रामाणिक असतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. घरात बाई स्क्रू पिळायला लागली की कुणीतरी मायेने म्हणतं, दे इकडे, मी करतो. यात तिरस्कार नसतो, उलट काळजीच असते. त्यामुळे नाही म्हणणं अवघड जातं, आणि पेचकस हातातून जातो. शिकण्याची संधी इतक्या सभ्यपणे काढून घेण्याची ही रीत मिश्र वर्गातही चालते. मुद्दाम नाही, सवयीने चालते. बायकांच्या तुकडीत शेजारीण सांगते, पातं थोडं आडवं धर, पण करवत घेत नाही, कारण तिच्याही हातात तिची करवत अडकलेली असते. शिकवणारा मिस्त्री पुरुष असला तरी याने बिघडत नाही. त्याने हात पाठीमागे बांधून उभं राहायला शिकावं, एवढंच.

वेगळी तुकडी हे माझ्या लेखी उशिरा दिलेलं औषध आहे. ज्यांना शिक्षण वेळेवर मिळालं त्यांना त्याची गरज नसते. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं-मुली एकाच शेडमध्ये वेल्डिंग, सुतारकाम, शेती आणि गृह-आरोग्य हे सगळं हाताने करत शिकतात. मुलांना स्वयंपाकातून सुटका नाही, मुलींना वेल्डिंगमधून नाही. त्या वयात हातातली वस्तू हिसकावण्याची आणि सोडून देण्याची सवय अजून पक्की झालेली नसते. याच्या कितीतरी आधी, १८७०च्या दशकात, स्वीडनमधल्या नॅस इथे ओटो सालोमन यांनी ‘स्लॉइड’ नावाने लाकूडकामातून शिक्षणाची पद्धत बसवली. त्यांच्या अभ्यासक्रमात वस्तूंची चढती मालिका होती. सुरुवात सुरीने तासलेल्या छोट्याशा काडीपासून. वस्तू इतकी लहान की बिघडली तरी कुणाचं दिवाळं निघू नये. देशोदेशीच्या शिक्षक-शिक्षिका तिथे शिकायला येत. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने शाळांसाठी आखलेल्या मूलोद्योगांत सुतारकाम होतं. पण वरच्या इयत्तांत मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहशास्त्र घेण्याची मुभाही त्याच आराखड्यात होती. ज्याला मुभा म्हणतात त्याचं रूपांतर रिवाजात व्हायला आपल्या देशात किती वेळ लागतो ते सांगायला नको.

इथवर सगळं छान वाटतं. अडचण पुढे आहे. शहरातल्या सामायिक कार्यशाळा चांगल्या आहेत. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेलं आणि पुढे गोव्यातल्या मोइरा गावी गेलेलं मेकर्स असायलम हे त्यांतलं ठळक नाव. एका ऑफिसचं छत कोसळून फर्निचर मोडलं, ते दुरुस्त करायला लोकांना बोलावलं आणि त्यातून ही जागा उभी राहिली. फ्लॅटमध्ये टेबल-सॉ ठेवता येत नाही, भुसा आणि आवाज शेजारी सहन करत नाहीत, यंत्रं महाग असतात. म्हणून चौघांनी मिळून वापरायची जागा हा शहाणा मार्ग आहे. पण शनिवार-रविवारची फी भरून येणारी बाई बहुधा मध्यमवर्गीय असते. सुताराची मुलगी तिथे येत नाही. ती घरी पॉलिशपेपर घासते, लांबी भरते, आणि ते मदत म्हणून मोजलं जातं. एकीला छंद मिळतो, दुसरीला तिचंच काम कामाच्या नावाने मिळत नाही. या दोघींना एका कार्यशाळेत पाहिल्याशिवाय मी तरी या चळवळीला चळवळ म्हणणार नाही.

केरळात कोट्टायम जिल्ह्यात एट्टुमानूरला थ्रेसियाम्मा मॅथ्यू यांनी २००४ मध्ये अर्चना विमेन्स सेंटर सुरू केलं. गवंडीकाम, फेरोसिमेंट, बांबूकाम आणि सुतारकाम बायकांना शिकवायचं ते पोट भरण्यासाठी, हा तिथला हेतू. वर्षानुवर्षं हाताखालची म्हणून राबलेल्या बायकांना थापी आणि करवत स्वतःच्या नावाने धरायला लावायची. अशा बाईला मात्र छंदवाल्या बाईची चैन परवडत नाही. तिचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. फळी आखूड झाली तर ती हसून दुसरी घेऊ शकत नाही. तिच्या मनात दर ठोक्याला नुकसानीचा आकडा असतो. जिला चुकण्याची सर्वांत जास्त गरज आहे, तिलाच चुकणं सर्वांत महाग पडतं. त्यामुळे ती सांभाळून काम करते, सांभाळून करते म्हणून हात मोकळा होत नाही, आणि हात मोकळा झाला नाही की मुकादम म्हणतो, बघा, बायकांचं काम हळूच.

सरकारी आणि दानशूर संस्थांच्या महिला प्रशिक्षणात शिलाई मशीन आणि ब्युटी पार्लर का इतकं लाडकं असतं, त्याची बरीच कारणं आहेत. त्यांतलं एक कुणी बोलत नाही. चुकीचं कापलेलं कापड झबल्याला किंवा पिशवीला लागतं, त्यामुळे तिथे शिकणारणीच्या चुका स्वस्त पडतात. लाकूड, लोखंड, वीज यांत चुका डोळ्यांत भरतात आणि हिशेबतपासनीस विचारतो. मग योजना आखणारा सुरक्षित वाट धरतो, आणि पुढच्या वर्षी आणखी शिलाई मशिनांचं वाटप होतं.

घराच्या फर्निचरचं काम घेणारा कुठलाही ठेकेदार प्लायवूडचा अंदाज काढताना वेस्टेज धरतो. त्याबद्दल कुणी त्याला हलगर्जी म्हणत नाही, उलट न धरणाऱ्याला नवखा म्हणतात. पटाईत कारागिरांच्या हातून जाणाऱ्या मालासाठी ही तरतूद आहे. पहिल्यांदा करवत धरणाऱ्या वीस बायकांच्या वर्गासाठी ती किती असावी, याचा हिशेब अवघड नाही. आपल्या तालुक्यातल्या महिला कौशल्य प्रशिक्षणाचं अंदाजपत्रक मिळालं तर मानधन, चहा, फलक आणि उद्घाटनाचा हार यांच्या खाली हा रकाना आहे का, तेवढं पाहावं.